मुलाचे ताट आणि मुलाचे चित्त : एका वादाचा इतिहास



शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाचा विषय शिक्षकाच्या नित्याच्या अनुभवातून यावा, या विचाराने आजचा विषय निवडला आहे. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले अशी असतात की ज्यांच्या पायाला भिंगरी बांधलेली असते. फळ्यावरचे गणित उतरवून घेता घेता त्यांचे लक्ष खिडकीबाहेर जाते, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर तोंडातून बाहेर पडते, पेन्सिल हरवते, डबा बाकाखाली सांडतो. अशा मुलाला आपण व्रात्य म्हटले, चळवळ्या म्हटले, आणि त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतले. अलीकडे त्याला 'एडीएचडी' हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव मिळाले आहे. नाव बदलले तरी आईने विचारलेला प्रश्न बदललेला नाही : 'याच्या खाण्यात काही बदल करू का?' साखर बंद करा, रंगीत गोळ्या बंद करा, ब्राह्मी सुरू करा, असे सल्ले तिला शेजारणीपासून औषधाच्या दुकानापर्यंत सर्वत्र मिळतात. या सल्ल्यांमागे सुमारे पन्नास वर्षांचा एक शास्त्रीय वाद आहे. त्या वादाचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

आरंभी या मुलांच्या वर्णनाचा थोडा मागोवा घेऊ. फ्रँकफुर्टचे एक डॉक्टर हाइन्रिश होफमान यांनी १८४० च्या दशकात आपल्या लहान मुलासाठी चित्रांचे एक पुस्तक रचले. पुढे त्यात एका अस्वस्थ फिलिपची गोष्ट आली. हा मुलगा जेवणाच्या टेबलाशी खुर्ची झुलवीत बसतो आणि अखेर टेबलावरचे कापड, ताटल्या आणि अन्न यांसह जमिनीवर कोसळतो. गंमत अशी की जेवणाचे टेबल या कथेत आरंभापासूनच आहे, परंतु तेथे अन्न हे कारण नसून बळी आहे! १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही अशा मुलांचे त्याने वर्णन केले, पण त्याला नाव दिले 'नैतिक नियंत्रणातील दोष'. हा शब्द त्या काळाला शोभणारा होता. मुलाच्या कपाळावर मात्र त्याने ठपका ठेवला. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध काही मुलांना दिले, तेव्हा उत्तेजित होण्याऐवजी त्यांतील अनेक मुले शांत होऊन अभ्यासाला बसली. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत मिथाइलफेनिडेट हे द्रव्य तयार झाले. रिटालिन या नावाने ते जगभर गेले.

दोष नीतीतला नसून मेंदूच्या कार्यातला आहे, हे मानण्याची वाट या औषधांनी मोकळी केली. परंतु त्याच वाटेने पालकांच्या मनात भीतीही शिरली. १९७० साली अमेरिकेतील ओमाहा शहरातील शाळकरी मुलांपैकी शेकडा पाच ते दहा मुलांना वर्तनासाठी औषधे दिली जात असल्याची बातमी प्रसिद्ध झाली. तो आकडा अतिरंजित होता, पण अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे त्यावर सुनावणी झाली आणि 'आमच्या मुलांना गोळ्या देऊन गप्प बसवतात' ही भावना घरोघरी पोहोचली. आहाराचा विचार घेऊन कोणी पुढे आला असता तर त्याला ऐकणारे कान तयार होते.

तो मनुष्य पुढे आला १९७३ साली. बेंजामिन फाइनगोल्ड हे सॅन फ्रान्सिस्को येथील कायझर पर्मनेंटे संस्थेतील ॲलर्जीतज्ज्ञ. १८९९ साली जन्मलेले, म्हणजे त्या वेळी चौऱ्याहत्तरीचे. आहार आणि वर्तन यांचा संबंध त्यांनीच प्रथम सुचवला असे मात्र नव्हे. डब्ल्यू. रे शॅनन यांनी १९२२ साली आणि शिकागोच्या थेरॉन रँडॉल्फ यांनी १९४७ साली, अन्नाच्या ॲलर्जीमुळे मुले चिडचिडी व बेचैन होतात असे लिहून ठेवले होते. फाइनगोल्ड यांच्या हाती आलेला धागा वेगळा होता. १९६५ साली अंगावर गांधी उठणारी एक स्त्री त्यांच्याकडे आली. त्यांनी तिला ॲस्पिरिनशी नाते असलेली द्रव्ये, म्हणजे सॅलिसिलेटे, वगळलेला आहार दिला. गांधी गेल्या. थोड्याच दिवसांनी तिच्यावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचा दूरध्वनी आला : तिचा आक्रस्ताळा स्वभावही निवळला होता, तुम्ही नेमके काय केलेत?

या एका प्रसंगावर फाइनगोल्ड यांनी पुढची आठ वर्षे काम केले. ॲस्पिरिन न सोसणाऱ्या काही रुग्णांना टारट्राझिन हा पिवळा रंगही सोसत नाही, हे ठाऊक होते. तेव्हा त्यांनी कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि सॅलिसिलेट असलेली फळे-भाज्या असे सारेच मुलांच्या ताटातून काढले. १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी सांगितले की, अशा आहाराने जवळजवळ निम्मी अतिचंचल मुले लक्षणीयरीत्या सुधारतात. त्यानंतर त्यांचे पालकांसाठीचे पुस्तक आले आणि ते हातोहात खपले. १९७६ साली पालकांनी त्यांच्या नावाची संघटना स्थापन केली.

त्यांच्या म्हणण्याला काळाचाही आधार होता, हे विसरून चालणार नाही. डांबरापासून काढलेले रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खाण्यात होते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तयार खाद्यपदार्थांच्या लाटेबरोबर त्यांचा वापर वाढला. अमेरिकेत १९५० साली दरडोई रोज सुमारे १२ मिलिग्रॅम रंग प्रमाणित होत असत. २०१० पर्यंत हा आकडा ६२ वर गेला. १९५० च्याच हॅलोवीन सणाला नारिंगी रंगाच्या गोळ्या खाऊन मुले आजारी पडली होती आणि तो रंग पुढे बाद झाला. रंग केवळ डोळ्यांसाठी असतो, अन्नाला तो काही देत नाही. मग तो काढून टाकला तर बिघडले काय, असा फाइनगोल्ड यांचा सवाल होता, आणि त्याला आजही चोख उत्तर देणे अवघड आहे.

सॅलिसिलेटांची गोष्ट मात्र निराळी. सफरचंद, संत्री, द्राक्षे, टोमॅटो, काकडी, बदाम असे बरेच काही त्यांच्या वर्ज्य यादीत होते. १९८५ साली ऑस्ट्रेलियात नाना खाद्यपदार्थांतील सॅलिसिलेटे प्रत्यक्ष मोजली गेली, तेव्हा जिरे-हळदीसारख्या मसाल्यांत वजनाच्या मानाने ती फळांहून कितीतरी अधिक भरली. हा आहार तंतोतंत पाळावयाचा तर आपल्या घरांतील फोडणीच बंद करावी लागली असती! सिद्धान्ताचा हा भाग पुढे मागे पडला आणि वादाचा रोख कृत्रिम रंगांवर राहिला.

आता खऱ्या कसोटीकडे येऊ. फाइनगोल्ड यांचे निष्कर्ष दवाखान्यातील निरीक्षणांवर आणि पालकांच्या सांगण्यावर उभे होते. मुलाचे ताट बदलले आहे हे आईला ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक, मुलालाही ठाऊक. घरातले सारे वातावरणच त्या दिवसापासून बदलते. सर्वांचे लक्ष मुलाकडे वळते, सर्वजण एकत्र जेवतात, बाजारातून काय आणावे याचा विचार होतो. मग सुधारणा झाली ती ताटामुळे की या बदललेल्या वातावरणामुळे? हे वेगळे करावयाचे तर खाऊ कोणता दिला हे मुलाला, पालकांना आणि परीक्षकांनाही कळता कामा नये. यालाच दुहेरी आंधळी चाचणी म्हणतात. औषधाच्या गोळीबाबत हे सोपे आहे. आख्ख्या जेवणाबाबत ते किती बिकट असेल याची कल्पना स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोणालाही येईल.

पहिला प्रयत्न कीथ कॉनर्स यांनी पिट्सबर्ग येथे केला. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १५ मुले होती. फाइनगोल्ड-आहाराच्या काळात शिक्षकांना सुधारणा दिसली, पण कोणता आहार आधी दिला यावर निकाल बदलत होता. म्हणजे ठाम बोलण्यास जागा नव्हती. विस्कॉन्सिन येथील जे. प्रेस्टन हार्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतो. त्यांनी कुटुंबांच्या घरातले सगळे खाद्यपदार्थ उचलून नेले आणि दर आठवड्याला आख्ख्या कुटुंबाचे अन्न स्वतः पोचविले. कोणता आठवडा खऱ्या आहाराचा आणि कोणता देखाव्याचा हे घरच्यांना ओळखता येऊ नये म्हणून मधूनमधून निरर्थक बदलही केले. इतका खटाटोप करून निकाल काय लागला? शाळकरी वयाच्या ३६ मुलांत सातत्याने दिसणारा फरक आढळला नाही. परंतु शाळेत न जाणारी १० लहान मुले होती, त्यांच्या दहाही मातांनी फाइनगोल्ड-आहाराच्या काळात मूल सुधारल्याचे नोंदविले. आहार कोणता हे या मातांना ठाऊक नव्हते.

या दहा मातांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या वेळी बाजूस सारला गेला. मोठ्या मुलांतील नकारात्मक निकाल मथळ्यात आला, लहान मुलांचा तळटीपेत गेला. १९८० साली खाद्यउद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या न्यूट्रिशन फाउंडेशनच्या समितीने फाइनगोल्ड यांचे म्हणणे निकालात काढले. त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. बर्नार्ड वाइस यांच्या चाचणीत २२ मुलांपैकी एका चिमुरडीवर, वय अवघे ३४ महिने, रंगाच्या पेयाचा तीव्र परिणाम प्रत्येक वेळी दिसला. आणखी एका मुलावर सौम्य, आणि बाकीच्यांवर काहीच नाही. टोरांटोचे जेम्स स्वान्सन व मार्सेल किन्सबोर्न यांनी दुसरा मुद्दा काढला. आधीच्या चाचण्यांत रोजचा सरासरी वापर धरून २६ मिलिग्रॅमच्या आसपास रंग दिला जात होता. पण वाढदिवसाच्या दिवशी मूल सरासरीने खात नाही! त्यांनी १०० ते १५० मिलिग्रॅम दिले, तेव्हा अतिचंचल म्हणून निदान झालेल्या २० पैकी १७ मुलांची पाठांतराची कामगिरी घसरली. इतर मुलांची तशी घसरली नाही.

एका बाजूला 'निम्मी मुले' हा दावा टिकला नाही, दुसऱ्या बाजूला 'काहीच नाही' हेही टिकले नाही. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परिषद भरवली. तिने म्हटले, थोड्या मुलांना लाभ होतो असे दिसते. सर्वांना हा आहार सांगू नये, पण एखाद्या कुटुंबाला देखरेखीखाली करून पाहावयाचा असल्यास हरकत नाही. फाइनगोल्ड त्याच वर्षी मार्चमध्ये निवर्तले. परिषदेचे हे वाक्य इतके समंजस होते की कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

लोकांच्या तोंडी राहिली ती साखर. खरे पाहता साखर हा फाइनगोल्ड यांचा विषय नव्हता. आज आपल्याकडेही 'गोड खाल्ले की अंगात वारे शिरते' ही समजूत घट्ट आहे. १९९४ साली मार्क वॉलरायख व सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याची कसोटी प्रसिद्ध केली. २५ सामान्य लहान मुले आणि साखर बाधते असे पालकांनीच सांगितलेली २३ शाळकरी मुले, अशा दोन गटांना तीन-तीन आठवडे साखरेचा, ॲस्पार्टेमचा व सॅकरिनचा आहार दिला. वर्तनात व बुद्धिकार्यात फरक पडला नाही. त्याच वर्षीचा हूवर आणि मिलिच यांचा प्रयोग याहून बोलका आहे. पाच ते सात वर्षांच्या ३५ मुलग्यांना साखर नसलेलेच पेय दिले. मात्र काही मातांना सांगितले की मुलाने भरपूर साखर घेतली आहे. त्या मातांनी आपल्या मुलांना अधिक चंचल ठरविले. चित्रफितीत दिसले की त्या मुलाच्या अधिक जवळ राहत होत्या आणि त्याला अधिक टोकत होत्या.

साखरेच्या बाबतीत आईची अपेक्षाच तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. विस्कॉन्सिनच्या दहा मातांना मात्र अपेक्षा बाळगण्याची संधीच नव्हती. आईचे निरीक्षण खरे की खोटे, असा प्रश्न म्हणूनच फसवा आहे; ते कोणत्या परिस्थितीत केले ते पाहावे लागते. साखर कमी करण्याची दुसरी सबळ कारणे, म्हणजे दात, वजन आणि भूक, आहेतच. परंतु चंचल मुलाच्या आईला 'तूच गोड खाऊ घातलेस' असे म्हणण्यास कोणताही शास्त्राधार नाही.

रंगांचा प्रश्न पुन्हा उघडला तो इंग्लंडमध्ये. साउदॅम्प्टन विद्यापीठातील जिम स्टीव्हन्सन, डॉना मॅकॅन आणि सहकाऱ्यांनी रोगनिदान झालेली मुले न घेता सर्वसाधारण मुले घेतली : तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४. त्यांना फळांच्या रसातून रंग आणि सोडियम बेंझोएट दिले; कोणत्या दिवशी कोणता रस हे कोणालाच ठाऊक नव्हते. २००७ साली 'लान्सेट'मध्ये आलेला निकाल असा की, सरासरीने चंचलता थोडी वाढते. थोडी म्हणजे खरोखरच थोडी, आणि मुला-मुलांत फार मोठा फरक. हा फरक का, याचा एक धागा त्याच गटाने २०१० साली दाखविला : शरीरातील हिस्टामिन विघटित करणाऱ्या जनुकाच्या प्रकारानुसार परिणाम कमी-अधिक होतो. फाइनगोल्ड ॲलर्जीतज्ज्ञ होते, त्यांना हे वाचावयास मिळाले असते तर आनंद झाला असता.

युरोपीय संघाने २० जुलै २०१० पासून सहा रंगांवर इशारा बंधनकारक केला. टारट्राझिन, क्विनोलिन यलो, सनसेट यलो, कार्मोइसिन, पोन्सो ४ आर आणि अल्यूरा रेड यांपैकी एखादा रंग असेल तर मुलांच्या हालचालीवर व अवधानावर विपरीत परिणाम होऊ शकतो, असे वेष्टनावर छापावे लागते. अनेक कंपन्यांनी इशारा छापण्याऐवजी रंगच बदलले. बीट, हळद, ढोबळी मिरची यांचे रंग तेथे दुकानांत आले.

याच्याही पुढे जाणारा आहार म्हणजे मोजकेच पदार्थ ठेवून बाकी सारे बंद करणे आणि मग एकेक परत आणणे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात जोसेफ एगर यांनी १९८५ साली ७६ मुलांवर तो करून पाहिला, ६२ सुधारली. रंग व बेंझोइक आम्ल यांचा त्रास सर्वांत अधिक आढळला, पण केवळ त्यांचाच त्रास असलेले मूल एकही नव्हते. २०११ साली हॉलंडमधील लिडी पेल्सर यांच्या चाचणीत पाच आठवड्यांच्या अशा आहाराने ५० पैकी ३२ मुले सुधारली. या आकड्यावर अनेकांनी आक्षेप घेतला, कारण मूल्यमापनाच्या मुख्य भागात पालकांना आहार ठाऊक होता. २०१३ साली एडमंड सोनुगा-बार्क यांनी साऱ्या चाचण्या एकत्र तपासल्या. माहिती नसलेल्या परीक्षकांचीच मते धरली, तर या आहाराचा परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. माशांच्या तेलातील स्निग्धाम्लांचा परिणाम टिकतो, पण तो लहान आहे. पेल्सर यांच्या चाचणीतील एक निष्कर्ष मात्र प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा. कोणते पदार्थ बाधतात हे सांगणारी म्हणून रक्तातील आयजीजी प्रतिद्रव्यांची जी महाग तपासणी केली जाते, तिच्यावरून मुलाला कोणता पदार्थ बाधेल हे सांगता आले नाही.

हा आहार खर्चिक, कष्टाचा, आणि वाढत्या मुलाचे पोषण बिघडवू शकणारा आहे. आहारतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्या देखरेखीवाचून तो कोणी करू नये. औषधांना तो पर्याय म्हणून उभा राहिला आहे असेही नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ५७९ मुलांच्या चाचणीत, चौदा महिन्यांच्या अखेरीस मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषधच अधिक प्रभावी ठरले होते.

आपल्या परिचयाच्या ब्राह्मीचाही उल्लेख करावयास हवा. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेल्या तिच्या अर्काची ऑस्ट्रेलियात ११२ मुलग्यांवर चौदा आठवडे चाचणी झाली आणि २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. चंचलता आणि लक्ष या मुख्य लक्षणांत नकली औषधाहून फरक पडला नाही. झोप आणि बौद्धिक कामगिरीच्या काही अंगांत मात्र सुधारणा नोंदली गेली. आजीने डोक्याला लावलेल्या ब्राह्मीच्या तेलाविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही. त्या तेलात आजीचा हातही असतो, आणि तो बाटलीत भरता येत नाही.

अखेरीस रंगांच्या कायद्यांविषयी. फाइनगोल्ड यांच्या कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली सारा पुरावा तपासून अहवाल काढला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात सरकारी शाळांच्या खाण्यातून सहा कृत्रिम रंग हद्दपार करणारा कायदा केला. तो २०२७ च्या अखेरीस अमलात यावयाचा आहे. आपल्या देशात युरोपातील त्या सहापैकी टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोन्सो ४ आर हे चार रंग ठराविक पदार्थांत मर्यादित प्रमाणात वापरण्यास परवानगी आहे. वेष्टनावर 'अनुमत कृत्रिम रंग आहे' एवढे लिहावे लागते, मुलांच्या अवधानाविषयीचा इशारा नाही. शाळेच्या फाटकाबाहेर गाडीवर मिळणाऱ्या गोळ्याला तर वेष्टनच नसते. (आपल्या बेळगावचा कुंदा या बाबतीत निर्दोष म्हणावा, त्याचा तांबूस रंग दूध आटवून येतो.) कर्नाटक शासनाने २०२४ च्या मार्चमध्ये गोबी मंचुरियन आणि कापूसकँडी यांत कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली, आणि जूनमध्ये ती कबाबांना लागू केली. नमुन्यांत कापडाचा रंग रोडामिन-बी तर सापडलाच, टारट्राझिन आणि सनसेट यलोही सापडले. बंदीमागचे कारण कर्करोगाची भीती हे होते. मुलांच्या चित्ताचा प्रश्न त्या आदेशात नव्हता.